स्कार्नबीत कुणी दार उघडत नाही

पटलं नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाहीये.

पण हे घडलंय. जिच्याबाबतीत घडलं त्या बेरिल टास्कर इंग्लंडातल्या हल शहरात माझ्या शेजारी राहायच्या. भिंतीला भिंत लागून. मी इथल्या इस्पितळात नर्स म्हणून आयुष्य काढलं. थापा मारणारी माणसं मला लगेच कळतात. बेरिलबाई तशा नव्हत्या. स्वतः केलेला केक बिघडला तर 'बिघडलाय, खाऊ नकोस' असं सांगणारी बाई.

त्यांनी हे मला एकदाच सांगितलं. मधे थांबून थांबून.

साल १९५३. नोव्हेंबर. लिंकनशरच्या टेकड्यांमधलं स्कार्नबी नावाचं गाव. बेरिलबाई तेव्हा पंचविशीच्या, नवीन लग्न झालेल्या. म्हणून पुढे मी त्यांना 'ती'च म्हणते.

स्कार्नबी म्हणजे एकच रस्ता, दोन्हीकडे बुटकी दगडी घरं, एक चर्च, एक पब. आणि गावाच्या वर, रानापलीकडे, स्कार्नबी हॉल. क्रॉक्सन घराण्याची हवेली. एके काळी गावातलं प्रत्येक घर त्यांचं होतं. रानातला प्रत्येक ससा त्यांचा होता. चर्चची घंटासुद्धा त्यांनी सांगितलं तरच वाजायची.

शेवटचा क्रॉक्सन वारस न ठेवता मेला आणि हॉल पाडायला काढला. छपराचं शिसं, संगमरवरी चुली, जिने, सगळं उपटून लॉरीत भरलं जात होतं. बेरिलचा नवरा सिरिल त्याच कामावर होता.

त्या दिवशी सकाळी तो निघताना आईला म्हणाला, "आज साहेबांची न्हाणी फोडायची. आधी बूट घालून त्यांच्या टबात बसतो, मग घण घालतो."

"बस हो खुशाल," आई म्हणाली. "पण अंधाराच्या आत घरी ये. आणि रस्त्यानं ये."

"रानातून जवळ पडतं, आई."

"रस्त्यानं ये म्हटलं ना."

सिरिलनं बेरिलकडे बघून डोळा मारला आणि गेला.

त्याची आई, अग्नेस, ही हाडकुळी, फटकळ बाई. बेरिल बंदरावरच्या घरातली, म्हणून लग्नाच्या दिवशीच तिनं लेकाला विचारलं होतं, "हिला माशांच्या वासासकट आणलीस की धुऊन?" बेरिल म्हणाली होती, "तुमच्या डुकरांच्या वासात माझा कुणाला येतोय, आई." तेव्हापासून दोघींचं बरं जमलं होतं.

दुपार सरली. धुकं उतरलं. नोव्हेंबरात तिकडे चार वाजताच अंधारायला लागतं. बेरिल सशाच्या रश्शात कांदे टाकत होती. अग्नेस खिडकीपाशी मोजे रफू करत बसली होती.

मग बेरिलच्या लक्षात आलं...

कावळे आले नव्हते.

रोज या वेळी रानावर कावळ्यांचा नुसता गोंधळ असायचा. आज एकही नाही. बाहेरची कोंबडी गप्प. शेजारचा कुत्रा गप्प. रस्त्यावर कुणाचं पाऊल नाही.

अग्नेसची सुई थांबली होती.

आणि मग...

"ए..."

लांबून. रानाच्या बाजूनं.

"ए... कुणी आहे का..."

पुरुषाचा आवाज. दुखत असलेल्या माणसाचा.

अग्नेस उठली. काही न बोलता दाराला कडी घातली. मग आडवा अडसर टाकला. मग खिडक्यांच्या फळ्या लावायला लागली. बाहेर रस्त्यावरही दारं लागत होती. एकामागून एक. धाड. धाड. धाड.

"आई, कुणीतरी ओरडतंय."

"ऐकू येतंय मला."

"मग दार का लावताय? कुणाला तरी लागलंय तिकडे."

"त्याला लागून सव्वाशे वर्षं उलटून गेली," अग्नेस म्हणाली. "बस खाली."

बेरिल बसली नाही. अग्नेसनं शेवटची फळी लावली आणि मागे न वळता बोलायला लागली.

"दुष्काळ होता त्या साली. उन्हाळा आलाच नाही. लोक गवत उकडून खात होते. आणि हॉलवरचे सर लायोनेल क्रॉक्सन, त्यांनी रानाभोवती भिंत घातली. आत सापळे लावले. सशाचे नाही, पोरी. माणसाचे. जबडा एवढा..." तिनं दोन्ही हात पसरून दाखवले. "एझ्रा पिनफोल्ड नावाचा माणूस पोरांसाठी ससा आणायला गेला. पाय सापडला. नडगीचा चुरा झाला. साहेबांनी राखणदार पाठवले. सोडवायला नाही. सभोवती बसायला. हातात सोटे देऊन. म्हणाले, याला कुणी हात लावायचा नाही. जो येईल त्याला तिथंच झोडपा. दिवसरात्र ओरडत होता तो. इथंपर्यंत ऐकू यायचं."

"आणि गाव?"

"गावानं दारं लावली."

"त्याची बायको?"

अग्नेस वळली. "ज्युडिथ. ती निघाली होती. लोकांनीच तिला धरली, बांधली. ती गेली तर साहेब सगळ्यांची घरं पाडतील म्हणून. शेवटी सुटली कशीतरी. गेली. राखणदारांनी तिला त्याच्याच डोळ्यांदेखत सोट्यांनी मारली. हाड न् हाड मोडेपर्यंत. मग तोही गेला. दोघांनाही माती मिळाली नाही. साहेबांकडे शिकारी कुत्रे खूप होते."

चुलीवर रस्सा खदखदत होता. बेरिलनं तो उतरवला.

"एखाद्या वर्षी येते ही हाक," अग्नेस म्हणाली. "एखाद्या वर्षी नाही येत. आली की दार लावायचं. सकाळपर्यंत उघडायचं नाही."

"ए..."

आता आवाज जवळ वाटला.

"ए... बेरिल..."

बेरिल ताडकन उठली.

"बेरिल... पाय अडकलाय गं माझा... बेरिल..."

सिरिलचा आवाज होता. शब्दन् शब्द सिरिलचा. नाक चोंदल्यासारखा बोलायचा तो, तसाच.

"तो सिरिल आहे," बेरिल म्हणाली.

"तसंच वाटतं. ज्याला बोलवायचं त्याच्या माणसाचा आवाज काढते ती हाक. माझी बहीण लेटी. तिला तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं हाक मारली. धावत गेली. आणि तो मेला पबमध्ये बसून बिअर पीत होता, त्याला पत्ताही नाही. सकाळी लेटी कुंपणापाशी सापडली. उचलायला गेलो तर पोत्यात दगड भरल्यासारखी लागली हाताला. एक हाड धड नव्हतं."

"पण सिरिल घरी आलेला नाही, आई."

अग्नेसनं अडसर पुन्हा एकदा दाबून बघितला.

"आणि समजा तो खरंच सिरिल असला तर?"

अग्नेसचे ओठ हलले. मग ती म्हणाली...

"तरीसुद्धा."

बेरिल दाराकडे झेपावली.

तेवढ्यात मागच्या दारातून पबवाला जेब मॉल्टबी आत आला. दांडगा माणूस. चर्चचं कामही तोच बघायचा. त्याच्या हातात दोर होता.

"तुमच्या घरचं नाव ऐकलं," तो अग्नेसला म्हणाला. मग बेरिलला, अगदी शांतपणे, "बस पोरी. सकाळी सोडतो. नंतर तूच आभार मानशील."

"दोर कशाला आणलाय?"

"आम्ही असंच करतो."

त्यानं तिचे दंड धरले. बेरिलनं लाथ मारली. खुर्ची आडवी झाली. जेबनं तिला भिंतीवर दाबलं, गुडघा तिच्या पोटात घातला आणि हात मागे ओढले. अग्नेस लोकरीचे बोळे घेऊन तिच्या कानात कोंबायला लागली. रडत होती ती, पण कोंबत होती.

"बेरिल... आई गं... कुणीतरी या..."

बेरिल जेबच्या हाताला चावली. दात हाडापर्यंत गेले. तो ओरडून मागे सरला तशी तिनं चुलीवरची किटली उचलली आणि उकळतं पाणी त्याच्या तोंडावर फेकलं. जेब गुडघ्यांवर बसला. असा आवाज काढत होता की तो माणसाचा वाटत नव्हता.

अग्नेस दारात उभी राहिली. हात पसरून.

"लेटीला मी जाऊ दिलं होतं," ती म्हणाली. "तुला नाही."

"बाजूला व्हा, आई."

"नाही."

बेरिलनं चुलीजवळची लोखंडी सळई घेतली. मारताना डोळे मिटले. मानेजवळचं हाड मोडल्याचा आवाज आला. वाळकी काटकी मोडावी तसा. अग्नेस खाली बसली, बसल्या जागी कलंडली.

बेरिलनं अडसर काढला, कंदील घेतला आणि पळत सुटली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पण दारांच्या मागे माणसं होती, हे तिला कळत होतं. ती पुढून गेली की आतला बोलण्याचा आवाज थांबायचा.

रानाच्या भिंतीपर्यंत हाक येत होती.

ती भिंतीच्या पडक्या भागातून आत गेली... आणि हाक थांबली.

सगळंच थांबलं. पायाखाली वाळलेली पानं होती, पण त्यांचा आवाज येत नव्हता. तिनं मुद्दाम पाय आपटला. काही नाही. कापसावर चालल्यासारखं.

"सिरिल?"

स्वतःचा आवाजही तिला लांबून आल्यासारखा वाटला.

मग वास आला. तंबाखूचा.

पुढे, बीच जातीच्या एका जुन्या झाडाला टेकून, सिरिल बसला होता. चेहरा मेणासारखा. ओठ चावून चावून फाटलेले. तिला बघून त्याला आनंद झाला नाही.

"दिवा विझव," तो कुजबुजला. "त्यांना दिवा दिसतो."

"कुणाला?"

त्यानं नजरेनं दाखवलं.

झाडांच्या मधे, धुक्यात, लाल ठिपके होते. कमरेच्या उंचीवर. एक मंद व्हायचा, दुसरा उजळायचा. बसलेली माणसं चिलीम ओढतात तसे. सभोवती. सगळीकडून.

कुणीतरी खोकलं.

बेरिलनं कंदील विझवला. उजेड अजून थोडासा होता, राखेसारखा. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं हात लावून बघितलं.

लोखंड. दातेरी लोखंड. सिरिलच्या नडगीत दोन्ही बाजूंनी रुतलेलं. बूट रक्तानं भरून वाहत होता. त्या रानात सापळा लावून जमाना झाला होता. पण हा गंजलेला नव्हता. त्याला तेल लावलेलं होतं. तिच्या बोटांना लागलं ते.

जबड्याच्या दोन्ही टोकांना पोलादी कमानी होत्या. एक दाबली की जबडा तेवढा सैल व्हायचा, पण दुसरी लगेच आवळायची. तिनं एकीवर सगळा भार टाकला. दात आणखी आत गेले. सिरिलनं कोटाची बाही तोंडात कोंबली.

"दोघं लागतात," तो म्हणाला. "दोन्हीकडून एकदम दाबावं लागतं. मला हात पोचत नाही. जा तू."

"गप्प बस."

आणि तेव्हा पहिला फटका बसला.

पाठीत. सोट्याचा. ती तोंडावर पडली. वळून बघितलं तर कुणी नाही. दुसरा फटका दंडावर. तिसरा बरगड्यांत. मारणारा दिसत नव्हता, पण त्याचा श्वास ऐकू येत होता. दारूचा वास येत होता. कुणीतरी हसलं. लाकूडतोड्या ओंडक्यावर घाव घालतो तसे ते सावकाश, नेम धरून मारत होते.

तिच्या कानाशी एक आवाज आला. रागावलेला नाही. कंटाळलेला.

"साहेबांनी सांगितलंय. कुणी हात लावायचा नाही."

बेरिलचा डावा हात मोडला होता. ती तशीच सरपटत कमानीपाशी आली. उजव्या हातानं दाबली. काय करत होती हे तिला कळत नव्हतं. जाणार नव्हती, एवढंच कळत होतं.

तेवढ्यात...

समोर कुणीतरी बसलं.

सापळ्याच्या पलीकडच्या बाजूला. बाईमाणूस. डोक्यावर शाल ओढलेली. चेहरा दिसला नाही. दोन हात दिसले. ते दुसऱ्या कमानीवर टेकले.

अग्नेस आली, बेरिलला वाटलं. मोडक्या खांद्यानं आली म्हातारी.

"दाबा, आई," ती म्हणाली. "मी म्हणेन तेव्हा. आता."

दोघींनी दाबलं. जबडा करकरला... उघडला. सिरिलनं दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलून बाहेर घेतला. मांसाचा एक तुकडा दातांत राहिला.

जबडा धाडकन मिटला.

आणि फटके थांबले. म्हणजे बेरिलवरचे थांबले. आवाज थांबला नाही. आता ते समोरच्या बाईवर पडत होते. एकामागून एक. चारी बाजूंनी. सोटा आणि अंग, सोटा आणि हाड.

ती बाई ओरडत नव्हती.

"आई, उठा. चला."

बाईनं मान हलवली. नाही.

बेरिलनं सिरिलच्या कोटाची कॉलर धरली आणि ओढत निघाली. मागे आवाज चालू होता. ती वळली नाही. आपण सासूला मरायला टाकून चाललोय, हे तिला माहीत होतं. तरी वळली नाही.

भिंत. शेत. कुंपण. मधे सिरिल शुद्धीवर यायचा, एका पायानं जमिनीला रेटा द्यायचा, पुन्हा मान टाकायचा. रस्ता लागला तेव्हा अंधार पडला होता.

पहिल्या घराचं दार तिनं लाथेनं वाजवलं.

"दार उघडा. मी बेरिल. सिरिलला लागलंय. खूप रक्त जातंय."

आतला दिवा विझला.

"अहो, मी बेरिल आहे. टास्करांची बेरिल."

आत काहीतरी जड सरकवलं. कपाट असावं. दाराला टेकवलं.

ती दुसऱ्या घराकडे गेली. तिथं आत कुणीतरी प्रार्थना म्हणायला लागलं. मोठमोठ्यानं, तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. तिसऱ्या घरात लहान मूल विचारत होतं, "कोण आहे, मम्मा?" आणि त्याची आई म्हणाली, "कुणी नाही. कान झाक."

तेव्हा बेरिलला कळलं.

आता गावासाठी ती हाक म्हणजे ती स्वतःच होती.

शेवटी आपलं घर. दार बंद. आतून अडसर. ती दारावर डोकं आपटायला लागली, कारण हात उरला नव्हता.

"जेब, दार उघडा. तुमच्या पाया पडते. आई रानात आहे. तिला मारतायत."

आतून जेबचा आवाज. भाजलेल्या तोंडाचा, बोबडा. "जा इथून. देवाच्या नावानं जा."

"आई रानात आहे, जेब."

"अग्नेस इथंच आहे," जेब म्हणाला. "जागेवरून हललेली नाही."

बेरिलनं फळीच्या फटीला डोळा लावला.

चुलीपाशी, आडव्या पडलेल्या खुर्चीला टेकून, अग्नेस बसली होती. खांदा लोंबत होता. अंगावर शाल नव्हती. पायात घरातल्या सपाता. कोरड्या.

बेरिलनं मागे वळून रानाकडे बघितलं.

रस्त्यावर पडलेल्या सिरिलनं डोळे उघडले. "आई," तो म्हणाला. ओरडला नाही. लहानपणी झोपेत म्हणायचा तसं. "आई, मी आलोय."

आत अग्नेसनं डोकं वर केलं.

"तो नाहीये तो," जेब म्हणाला. "अग्नेस, ऐक माझं. सिरिल नाहीये."

"नसेलही," अग्नेस म्हणाली.

"लेटी आठव."

"तिचंच ऐकतेय जन्मभर. आता बास झालं."

ती भिंतीला धरून उठली. जेब तिला अडवायला गेला, पण डोळे सुजून बंद झालेले, त्याला ती सापडेना. तिनं धड हातानं अडसर उचलून टाकला. कडी काढली.

दार उघडलं.

बेरिलनं सिरिलला उंबऱ्यातून आत लोटलं आणि स्वतः त्याच्यावर कोसळली. अग्नेसनं एकदा लेकाच्या पायाकडे बघितलं, एकदा सुनेच्या तोंडाकडे. जेब म्हणत होता, "लाव दार, लाव ना आधी."

अग्नेस दार धरून उभी होती. बाहेर बघत.

"थांब जरा," ती म्हणाली. "तिलाही आत येऊ दे. किती मारलंय बिचारीला."

बाहेर कुणी नव्हतं. बेरिलनं वळून बघितलं. नुसतं धुकं.

अग्नेस बाजूला सरली. कुणाला तरी वाट दिली. मग दार लावलं.

सिरिलचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, कशात सापडला होता हा? दातांच्या खुणा आहेत. हॉल पाडणाऱ्यांपैकी कुणी यंत्र उघडं टाकलं होतं का? पोलिसांनी रान पिंजून काढलं. सापळा नाही. बीचच्या झाडाखाली रक्त होतं. सभोवती, गोलाकार, पानं दबली होती. बराच वेळ माणसं बसून राहिल्यासारखी.

जेबनं तक्रार केली नाही. किटली हातातून निसटली, म्हणाला. गावानं बेरिलशी बोलणं टाकलं. रागानं नाही. तिच्याकडे बघवेना त्यांना.

दोघं हल शहरात निघून आली. अग्नेस आली नाही. कितीदा बोलावलं, पण एकच उत्तर. "घरात पाहुणी आहे. तिला एकटीला कसं टाकू?"

त्यानंतर स्कार्नबीत ती हाक कधी आली नाही म्हणतात.

दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरातच, अग्नेस गेली. अंथरुणात. हृदय थांबलं, डॉक्टरांनी सांगितलं. सिरिलला प्रवास जमेना म्हणून बेरिल एकटी गेली. घर स्वच्छ होतं. सगळं जागच्या जागी. सासूला शेवटची आंघोळ घालायचं काम तिनं स्वतःच अंगावर घेतलं. दुसरं कुणी यायला तयारही नव्हतं.

तिनं अग्नेसला कुशीवर वळवलं...

पाठ काळीनिळी होती. मानेपासून कमरेपर्यंत. आडवे, जाड वळ. एकावर एक. ताजे.

बेरिलनं कुणाला सांगितलं नाही. चादर नीट गुंडाळली. सासूला चर्चच्या आवारात पुरलं, घराला कुलूप घातलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली.

सिरिल चुलीपाशी बसला होता. दाराकडे पाठ करून. लाकडी पाय काढून ठेवलेला.

ती आत आली, कोट काढला. तो न वळता म्हणाला, "बेरिल, तुझ्यासोबत कोण आलंय?"

एवढं सांगून बेरिलबाई थांबल्या. मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या, मग काही नाही. संसार केला. सिरिल बऱ्याच वर्षांनी गेला, दम्यानं. त्याला काही झालं नाही. पुरुषांना ती काही करत नाही. ती करत नाहीच काही. ती फक्त असते. मारणारे तिच्या मागावर येतात आणि तिला जिनं आसरा दिला...

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. चहा गार झाला म्हणाल्या, आणि उठल्या.

मागच्या नोव्हेंबरात बेरिलबाई गेल्या. त्यांना कुणी नव्हतं, म्हणून सगळं मीच केलं. ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, केस विंचरले, हात छातीवर ठेवले. मी नर्स आहे, हे काम मी शेकडो वेळा केलंय. कुशीवर वळवून पाठ पुसायची असते, हेही मला माहीत आहे.

मी त्यांना वळवलं नाही.